वजन उतरवायला वनौषधींचे अर्क: आईला देत राहू का?

जुई_नेरूळ

नमस्कार मंडळी. जरा घाईनेच धागा काढतेय.

आईचं वय ५८, उंची पाच फूट एक इंच, वजन ७६ किलो. थायरॉइडची गोळी अकरा वर्षांपासून चालू आहे आणि दोन वर्षांपासून गुडघे बोलायला लागलेत. आम्ही नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठडा धरून उभी राहते आणि मोबाइल बघितल्यासारखं करते. दम लागलाय हे मला कळू नये म्हणून. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, आधी सहा-सात किलो उतरवा, मग गुडघ्यांचं बघू.

दीड महिन्यापूर्वी बिल्डिंगमधल्याच एका काकूंनी तिला कॅप्सूलची बाटली दिली. त्या स्वतःही घेतात आणि ओळखीपाळखीत विकतातही. साठ कॅप्सूलचे २,४०० रुपये. बाटलीवर हिरवं पान आणि "शंभर टक्के नैसर्गिक" असं लिहिलंय. आत वृक्षाम्ल, गुग्गुळ, ग्रीन टी, मेथी आणि दारुहळद यांचे अर्क आहेत. आई सकाळ-संध्याकाळ एकेक घेते, आता दुसरी बाटली चालू आहे. दीड किलो उतरलंय, त्यामुळे स्वारी खूश आहे.

पण गेला आठवडाभर तिला जेवण नकोसं झालंय. मळमळतं, दुपारी गळून गेल्यासारखी पडून राहते. ती म्हणते, "अगं, भूक कमी होणं हाच तर गुण आहे त्याचा."

अशा अर्कांनी खरंच वजन उतरतं का? थायरॉइडच्या गोळीबरोबर चालतात का? तिला बंद कर म्हणायचं तर माझ्या हातात नीट कारण हवं, नुसती भीती घालून ती ऐकणार नाही.

मासुंदा

मी सहा वर्षं रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा घेतोय. पोट साफ राहतं, डोकं हलकं वाटतं. वजन मात्र होतं तिथेच आहे. तलावपाळीला रोज चार फेऱ्या मारायला लागल्यावर जे काय उतरलं ते उतरलं.

काष्ठौषधी

जुई, सगळ्यात आधी एक गोष्ट. कॅप्सूल आजच थांबव आणि उद्या सकाळी आईची यकृताची तपासणी कर. एसजीपीटी, एसजीओटी (ही यकृताची एन्झाइम्स, यकृत दुखावलं की रक्तात वाढतात) आणि बिलिरुबिन. चर्चा नंतर करू. नवा अर्क सुरू झाल्यावर भूक मरणं, मळमळ आणि गळाठा ही लक्षणं एकत्र आली तर ती गुण म्हणून सोडून द्यायची नसतात. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर उद्याचीही वाट न बघता थेट दवाखाना.

आता कारण. मी फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवते, त्यामुळे या बाटल्या रोज हातात येतात.

ग्रीन टी घे. एका कपात ईजीसीजी नावाचा घटक साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतो. तोच चहा आटवून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरला की दोन कॅप्सूलमधून कित्येक कपांचा ऐवज एकदम पोटात जातो, तोही अनेकदा रिकाम्या पोटी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये याची छाननी केली. पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली. कपातल्या चहाबद्दल त्यांनी अशी काळजी दाखवलेली नाही. आणि वजनाचं म्हणशील तर अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ग्रीन टीच्या अर्काने झालेली घट इतकी किरकोळ निघाली की उपयोगाची म्हणता येत नाही.

वृक्षाम्लाच्या फळाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. पेशीत पिष्टापासून चरबी बनते, त्या साखळीतलं एक एन्झाइम ते अडवतं. उंदरांत हे छान दिसलं, म्हणून माणसांवर चाचणी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांना बारा आठवडे कमी उष्मांकांचा आहार दिला. निम्म्यांना रोज १,५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना दिसायला तशीच पण बिनऔषधाची गोळी. औषधवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि बिनऔषधवाल्यांचं ४.१. म्हणजे वजन उतरलं ते आहाराने. त्या चाचणीतल्या तंतुमय जेवणामुळे आम्लाचं शोषण कमी झालं असेल, असा आक्षेप नंतर घेतला गेला, तोही सांगून ठेवते. पण पुढच्या वर्षांत हे आम्ल असलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या बऱ्याच नोंदी झाल्या.

थायरॉइडचं वेगळं लिहिते, वर्गाची वेळ झालीय.

आमसूल

बापरे. वृक्षाम्ल म्हणजे आमचं कोकमच ना? आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, आमटीत आमसूल नसलं तर जेवण घशाखाली उतरत नाही. आता सोलकढीपण बंद करायची का?

काष्ठौषधी

@आमसूल, सोलकढी खुशाल प्या. कोकम हे त्याच कुळातलं भावंड आहे आणि त्यातही ते आम्ल असतं. कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा केरळ-कर्नाटकातला उप्पागे, म्हणजे माशाच्या कालवणात घालतात ती मलबारी चिंच वापरतात. चार आमसुलं आख्ख्या घराच्या आमटीला पुरतात. तेवढ्यातून जाणारं आम्ल आणि रोज दीड ग्रॅम शुद्ध आम्ल यांची बरोबरी नाही. स्वयंपाकघरातलं झाड आणि बाटलीतला अर्क, नाव एक असलं तरी वस्तू वेगळी.

नौपाडा_कट्टा

थोडा विरोध नोंदवतो. परदेशी चाचण्या काढायच्या आणि आपल्या औषधांना झोडपायचं, हे दर वेळी होतं. माझ्या वडिलांना वैद्यांनी मेदोहर गुग्गुळ दिला होता. चार महिन्यांत पाच किलो उतरले आणि ढेकर, जडपणा गेला. त्यांना कसलाही अपाय झाला नाही.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांवरून गुळवेलीने यकृत बिघडतं असं लिहिलं, तेव्हा केवढा गहजब झाला आठवतंय? आयुष मंत्रालयाने तेव्हाच विचारलं होतं की रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे तपासलं का? तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असते. हजारो वर्षांचा अनुभव असा सहा माणसांवर उडवून लावायचा नसतो.

पारसिक

@नौपाडा_कट्टा, वडिलांना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण दिसायला सारखी वेल चुकून घेतली जाते, हा मुद्दा जुईच्या आईच्याच बाजूचा झाला. वैद्यांना, विक्रेत्याला गुळवेल ओळखताना घोटाळा होऊ शकतो, तर भुकटी होऊन कॅप्सूलमध्ये बसलेलं काय आहे हे बिल्डिंगमधल्या काकूंना कसं कळणार?

वैद्या_घंटाळी

मी घंटाळीला अठरा वर्षं आयुर्वेदाचा दवाखाना चालवते, म्हणून हे लिहिणं माझं काम आहे.

@नौपाडा_कट्टा, तुमच्या वडिलांना कोणीतरी तपासून औषध दिलं होतं. नाडी, जिभेवरचा थर, मलप्रवृत्ती, झोप, सांध्यांची अवस्था बघितली असणार, पथ्य सांगितलं असणार. ते आयुर्वेद झालं. पाच वनस्पतींचे अर्क एका कॅप्सूलमध्ये कोंबून तीच बाटली २५ च्या मुलाला आणि ५८ च्या बाईला देणं हे आमच्या शास्त्रात कुठेच बसत नाही. संस्कृत नावं छापली म्हणून ते आयुर्वेद होत नाही, आणि याचा दोष शेवटी आमच्या माथी येतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय या विषयाचा आहे. अतिस्थूल माणसाला द्यायचं अन्न गुरू पण अतर्पण असावं असं तिथे सांगितलंय. पोटात टिकेल, भूक भागवेल, पण शरीर भरणार नाही असं. म्हणून जव, कुळीथ, मूग, ताक. औषधांत त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा, वावडिंग, सुंठ येतात. आणि त्याच अध्यायात जागरण, व्यायाम, चिंतन हळूहळू वाढवायला सांगितलंय. हळूहळू हा शब्द माझे पेशंट ऐकतच नाहीत. औषध हे त्या सगळ्याच्या आधाराने चालतं. नुसतं औषध उचलून बाकीचं पुस्तक मिटायचं, असं होत नाही.

आणखी एक. सकाळी गरम पाण्यात मध-लिंबू घेणाऱ्यांसाठी. मध गरम करायचा नाही असं आम्हाला शिकवलंय. शिवाय मोठा चमचाभर मध म्हणजे साठेक कॅलरी. कित्येक घरांत तीन-तीन चमचे जातात.

शेवळं

वैद्याताई, कुळथाचं पिठलं चालेल ना? आता पावसाळा सुरू झाला की ठाणे स्टेशनबाहेर येऊरकडच्या मावशी टाकळा, भारंगी, कुर्डू घेऊन बसतील. दहा-वीस रुपयांची जुडी असते. माझ्या सासूबाई टाकळ्याच्या भाजीला औषध मानतात.

वैद्या_घंटाळी

कुळथाचं पिठलं उत्तम, वर तुपाची धार एवढी मोठी नको. टाकळा कोवळा घ्या.

महापे_शिफ्ट

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ऑनलाइन हर्बल गोळ्या मागवल्या होत्या. पाच आठवड्यांत सहा किलो. सगळ्या मुली तिच्या मागे लागल्या, मलाही द्या म्हणून. मग तिला रात्री झोप येईना, तोंड सतत कोरडं, बसल्या जागी छाती धडधडायची. एक दिवस रात्रपाळीत नाडी १३० च्या वर गेली आणि आम्ही तिला वाशीला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, यात सिबुट्रामिन तर नाही?

गोळ्यांची तपासणी झाली नाही, त्यामुळे त्यात तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण बंद केल्यावर आठ दिवसांत धडधड थांबली.

काष्ठौषधी

@महापे_शिफ्ट, डॉक्टरांची शंका अगदी रास्त होती. सिबुट्रामिन हे भूक मारणारं रसायन. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते मागे घेतलं आणि २०११ मध्ये भारतात बंदी आली. पण हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या बारीक होण्याच्या गोळ्यांत ते लपवून घातलेलं जगभर सापडत आलंय. म्हणून एखादी हर्बल गोळी फारच झपाट्याने काम करायला लागली तर आनंद व्हायच्या ऐवजी मला धास्ती वाटते.

आता गुग्गुळाचं. ही गोष्ट मला फार जवळची आहे. सुश्रुताने मेदोरोगाचं, म्हणजे चरबी वाढण्याच्या विकाराचं वर्णन केलंय. त्यावरून १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर गुग्गुळ वापरून बघितला. १९६६ च्या त्यांच्या प्रबंधाने गुग्गुळ प्रयोगशाळेत आणला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यापासून गुगुलिपिड बनवलं आणि ते कोलेस्टेरॉलवरचं औषध म्हणून बाजारात आलं. ग्रंथातल्या एका वर्णनापासून औषधाच्या गोळीपर्यंतचा रस्ता एका भारतीय बाईने सुरू केला, हे मी दर वर्षी वर्गात सांगते.

पण त्याच वर्गात मी २००३ ची अमेरिकेतली चाचणीही सांगते. १०३ जण, आठ आठवडे. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी ४ ते ५ टक्के चढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगायला हवं.

जुई, प्राण्यांवरच्या प्रयोगांत गुग्गुळ थायरॉइडला चेतवतो असं दिसलंय. त्यामुळे थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने तो विचारल्याशिवाय घेऊ नये. मेथी, इसबगोल यांचा चिकट तंतू गोळीच्या शोषणात आडवा येतो, तेव्हा गोळी आणि ते यांत चांगलं अंतर हवं. दारुहळदीतलं बर्बेरिन इतर बऱ्याच औषधांची शरीरातली पातळी बदलतं. हल्ली बर्बेरिनला वजनाच्या इंजेक्शनांचा नैसर्गिक भाऊ म्हणून विकतात. त्या इंजेक्शनांच्या घटीशी त्याची तुलनाच होत नाही.

जाता जाता, रानातलं गुग्गुळाचं झाड संपत चाललंय. राजस्थान-कच्छात जास्त डिंक मिळावा म्हणून सालीला खोल चरे देतात आणि झाड वाळून जातं. जागतिक यादीत ते अतिसंकटग्रस्त आहे.

पारसिक

हे झाडाचं माहीतच नव्हतं. धूपाला गुग्गुळ रोज जाळतो आम्ही.

आमसूल

स्लिमिंग चहाबद्दल कोणी बोललं नाही अजून. माझ्या जावेने लग्नाआधी महिनाभर घेतला. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरांत सोनामुखी. रोज चार वेळा पळायची, वजनकाट्यावर दोन किलो कमी, आणि हळदीच्या दिवशी पायात असे गोळे आले की उभं राहवेना.

वैद्या_घंटाळी

सोनामुखी रेचक आहे. त्याने शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबी जागची हलत नाही. दोन दिवस पाणी प्यायलं की काटा पूर्ववत. तसंच रक्तदाब असणाऱ्यांनी जेष्ठमधाच्या गोळ्या रोज घेऊ नयेत. त्याने दाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं.

येऊरची_वाट

मधुनाशिनीचा एक अनुभव. आमच्या गावी तिला बेडकीचा पाला म्हणतात. आजोबांनी लहानपणी एक पान चावायला दिलं, कडवट, तुरट. मग चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. अक्षरशः वाळू! दातांखाली कचकच, पण गोडवा शून्य. वर पेढा दिला तर तो खडूसारखा लागला. अर्ध्या तासाने चव परत आली. त्यातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जाणीव थोड्या वेळापुरती झाकतात. त्याने वजन उतरतं का माहीत नाही, पण जेवणानंतर गोड लागतंच अशांनी वैद्यांना विचारून बघायला हरकत नाही. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी मात्र जपून, साखर खाली येऊ शकते.

जुई_नेरूळ

सगळ्यांचे आभार. काष्ठौषधीताईंचं वाचून सकाळीच रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. एसजीपीटी १३८. लॅबची वरची मर्यादा ४० आहे. बिलिरुबिन सुदैवाने ठीक. आमच्या डॉक्टरांनी कॅप्सूल ताबडतोब बंद करायला सांगितली, कावीळीच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली.

काल रात्री मी बाटली भिंगाखाली धरून वाचली. पाचही वनस्पतींची नावं आहेत, पण प्रत्येकीचं प्रमाण नाही. नुसतं "मिश्रण ८०० मि.ग्रॅ." कोणत्या भागाचा अर्क, किती पट घट्ट केलेला, काही नाही. परवाना क्रमांक शोधत होते, तो सापडलाच नाही. बॅच नंबरच्या जागी शाईचा डाग.

पारसिक

जुई, बरं झालं वेळेत कळलं. वकिलीच्या अनुभवातून दोन गोष्टी. पूरक आहार असेल तर बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक लागतो. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. दोन्हीपैकी काहीच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार होऊ शकते. बाटली आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेव, टाकू नकोस.

दुसरं, १९५४ चा आक्षेपार्ह जाहिराती आणि चमत्कारी उपायांबद्दलचा कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाने बरं करतो अशी जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. लोकलच्या डब्यात "महिन्यात दहा किलो" अशी पत्रकं चिकटवलेली दिसतात ना, ती त्यातच मोडतात.

नौपाडा_कट्टा

जुई, आईला आराम पडू दे. मी वडिलांच्या अनुभवावरून बोललो होतो आणि त्यावर ठाम आहे, पण बाटलीचं जे वर्णन केलंस ते वाचून माझाही जीव दडपला. वडिलांच्या औषधाचा कागद काढून बघितला. वैद्यांनी पथ्याचं पान औषधाच्या पानापेक्षा मोठं लिहिलंय. आणि दर महिन्याला परत बोलावलं होतं.

येऊरची_वाट

जुई, वजनाचा प्रश्न तर राहिलाच आहे, गुडघे थांबणार नाहीत. मीही ९१ किलोंवर होतो, ७९ ला आलो, दोन वर्षं लागली. आहारतज्ज्ञ बाईंनी ताटातला भात वाटीत मोजायला लावला, प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडं यातलं काहीतरी, चहा दिवसात दोनच आणि अर्धा चमचा साखर. गुडघे दुखत असतील तर येऊरचा चढ नको. पोहण्याच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगतात, सांध्यांवर भार कमी येतो. फिजिओथेरपिस्टला विचारून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधी सुरू कर.

भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या हिशेबात वजनाचा आकडा) रेषाही खाली आहे. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आईची कंबर फितीने मोजून लिहून ठेव. काटा हलला नाही तरी फीत हलते, तेवढाच हुरूप येतो.

जुई_नेरूळ

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला त्याबद्दल माफी.

एसजीपीटी आधी ७१, काल ३६. कावीळीच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी दिसली, त्यासाठीही वजन उतरवायलाच हवं असं डॉक्टर म्हणाले. आईची भूक परत आली आणि गेलेल्या दीड किलोतला एक किलोही परत आला. ती दोन दिवस रुसून होती. मग सकाळी नाश्त्याला मुगाचे डोसे आणि संध्याकाळी फिजिओचे व्यायाम सुरू केले. कंबर ९८ होती, आता ९६. वजन ७५.

कॅप्सूल मी टाकायला निघाले होते, तर आईने बाटली हातातून घेतली. उरलेल्या मोजल्या. एकवीस. ओढणीच्या टोकाला बाटली आणि दोन्ही रिपोर्ट गुंडाळून स्वतः चार जिने उतरून-चढून त्या काकूंकडे गेली. मला बरोबर येऊ दिलं नाही. तासाभराने परत आली आणि म्हणाली, "तिला सांगितलं, मी भांडायला आले नाहीये. तू आठ महिने घेतेयस, तुझं कोणी बघितलंय का?"

काकूंनी काल रक्त दिलंय. रिपोर्ट आज संध्याकाळी येणार आहे, आणि आई चारपासून गॅलरीत बसून त्यांच्या खिडकीकडे बघतेय.